मुरवणीच्या खोलीतला वास

"आज दुपारी माझ्याकडची किल्ली काढून घेणार आहेत," बाई दारातूनच म्हणाली. "त्याच्या आत खरं काय ते शोधून द्या. नाहीतर त्या घरात मी नुसती भांडी विसळायला उरेन."

सुईनं कप खाली ठेवला.

सुई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. अंगानं बारीक, नजरेनं टोकदार, आणि एकदा शिरली की दुसऱ्या बाजूनं बाहेर पडल्याशिवाय राहायची नाही, म्हणून लोकच तिला तसं म्हणत. लोकांच्या घरातल्या भानगडी उकलून द्यायच्या, हा तिचा धंदा. बरोबर तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा असायचा, भाऊजी. पोट पुढं आणि डोकं मागं, असा माणूस. घरी बसला की डबे उघडतो, म्हणून बहिणीनं तो सुईच्या गळ्यात बांधला होता.

"अहो, तुम्ही चॉकलेटवाल्यांच्या थोरल्या सूनबाई ना!" भाऊजी खुर्चीतून उठलेच. "काय चॉकलेट असतं तुमचं! डॉक्टरांनी सांगितलंय मला, काळं चॉकलेट काळजाला बरं असतं म्हणून."

"तुकडा म्हणाले होते, भाऊजी. वीट नव्हे," सुई म्हणाली. "बसा, सूनबाई. पाणी घ्या, मग पहिल्यापासून सांगा."

थोरलीनं पाणी घेतलं, पण बसली नाही.

"चॉकलेटची सफर ऐकलीय ना तुम्ही? बस भरून माणसं निघतात. कुठं कोकोच्या बागेत मुक्काम, कुठं चॉकलेटचा लेप लावून आंघोळ, कुठं नुसतं खाणं. त्या सफरीत आमचं घर घ्यायचं की नाही, ते आज ठरणार. सफरवाली बाई दुपारी चाखायला येतेय. आणि आज सकाळीच सगळा माल नासलेला निघाला."

"नासला म्हणजे?"

"आमच्याकडं बिया भाजून, पाखडून, दळून झालेलं चॉकलेट लगेच विकायला जात नाही. जाड लाद्या पाडतो आणि थंड खोलीत मुरायला ठेवतो. मुरलं की त्याला अशी काही धार येते म्हणता! पण चॉकलेटची जात मोठी वाईट. शेजाऱ्याचा वास उचलते. कांदा ठेवा, कांदा लागतो. साबण ठेवा, साबण लागतो. म्हणून आमच्या घरात अत्तर नाही, वासाचं तेल नाही, कामावर येताना कोणी केसात फूल माळत नाही. आणि आज त्या सगळ्या लाद्यांना डांबरगोळीचा वास येतोय!"

"ई!" भाऊजी म्हणाले. त्यांना खरंच दुःख झालं.

"कुणाला कळलं पहिल्यांदा?"

"नणंदेला. सासूबाई लाद्या काढायला आत गेल्या होत्या. कापडं काढून निवडत बसल्या होत्या. मागून नणंद गेली आणि दारातच किंचाळली. आम्ही सगळे धावलो."

"आणि नाव तुमच्यावर का?"

"खोलीला किल्ल्या दोनच. एक सासूबाईंच्या कमरेला, एक माझ्या. मुरायला ठेवल्यावर आत फक्त सासूबाईंनीच जायचं, अशी रीत आहे. मी पाऊल टाकलेलं नाही. पण किल्ली आहे ना माझ्याकडं! त्यात परवा भांडण झालं. मी म्हटलं, सफरवालीला ताजं, कोमट चॉकलेट देऊ, दळायच्या दगडाखालून निघतं तसं. त्या म्हणाल्या, मुरलेलंच देणार. मी रागात बोलून गेले, गेल्या तुमच्या लाद्या खड्ड्यात."

"बोललात?"

"सगळ्यांसमोर." थोरलीचे डोळे भरले, पण आवाज कापला नाही. "नवरा बिया आणायला परगावी गेलाय. माझ्या बाजूनं बोलणारं कुणी नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या दगडापाशी उभी आहे मी, सुईबाई. दुसरं काही येत नाही मला आणि नकोही आहे."

"चला," सुई उठलीच. "भाऊजी, चपला घाला. आणि खिशातला तो डबा इथंच ठेवा."

*

वाटेत सुईनं एकच विचारलं. "सासूबाईंची जीभ म्हणे साऱ्या गावात नावाजलेली?"

"नुसत्या गावात?" थोरली रागातही अभिमानानं बोलली. "तुकडा तोंडात टाकला की गोष्ट सांगितल्यासारखं सांगायच्या. यात संत्र्याची साल आहे, यात ओलं लाकूड आहे, ही बी नदीकाठची दिसते. ऐकतानाच तोंडाला पाणी सुटायचं. त्यांनी हो म्हटल्याशिवाय आमच्या दारातून एक वडी बाहेर जात नाही. हल्ली मात्र कटकन मोडतंय, गुळगुळीत आहे, गोड जरा कमी, एवढ्यावर आटपतात. माझ्यावर राग, दुसरं काय!"

"राग कधीपासून?"

"थंडीत मोठ्या तापातून उठल्या, तेव्हापासून. माझ्या स्वयंपाकालाही नावं ठेवतात. म्हणे चवच नाही."

कारखाना म्हणजे घराचंच पुढचं अंग. आत पाऊल टाकलं आणि भाऊजी जागीच थांबले. भाजलेल्या बियांचा तो गरम, कडू, दाट वास! एका कोपऱ्यात दगडी चाकं घरघर फिरत होती आणि त्यांच्याखालून काळं, चकचकीत चॉकलेट रेशमासारखं सरकत होतं. संगमरवरी ओट्यावर उलथणी ओळीनं लावून ठेवली होती.

"सुई, मी इथंच थांबतो. तू ये जाऊन," भाऊजी म्हणाले.

"गुमान चला."

मधल्या चौकातून जाताना भाऊजींच्या टकलावर थेंब पडला. दोरीवर एक मातकट रंगाची लोकरीची शाल वाळत होती. खालून टपटप पाणी गळत होतं.

"ऐन उन्हाळ्यात शाल!" भाऊजी टक्कल पुसत म्हणाले.

"उन्हाळ्यात लवकर वाळते," सुई म्हणाली आणि पुढं गेली.

थोरलीनं मुरवणीच्या खोलीचं दार उघडलं, तसा वास अंगावरच आला. थंड, उग्र, नाकात घुसणारा. भाऊजींनी तरीही एक कपचा उचललाच. जिभेवर ठेवला आणि तोंड वेडंवाकडं करत बाहेर थुंकून आले.

"हे पाप आहे, सुई! याला फाशीच पाहिजे!"

सुईनं फळ्यांखाली वाकून बघितलं, कोपरे बघितले, दिव्याची काच काढून बघितली. डांबरगोळी नव्हती, तिचा चुरा नव्हता. खोलीत एकच खुर्ची होती. तिच्या पाठीच्या फटीत अडकलेला मातकट धागा तिनं चिमटीत धरला आणि रुमालात ठेवला. मग सगळ्यात जाड लादी उचलून फळीच्या कडेवर आपटली. लादी कडकन मोडली.

"नाक लावा, भाऊजी. वर नको, इथं, मध्यभागी."

भाऊजींनी हुंगलं. "आतही तोच वास!"

"गाभ्यापर्यंत?"

"पार गाभ्यापर्यंत. हे काय विचारणं झालं?"

"हेच तर विचारणं," सुई म्हणाली. तिचे डोळे चमकायला लागले होते. भाऊजींना ती चमक ओळखीची होती. ती दिसली की जेवायला उशीर व्हायचा.

*

घरचा धाकटा मुलगा कचेरीत सफरवालीसाठी खुर्च्या पुसत होता. सुईला बघून त्यानं कपाळावर आठ्या घातल्या.

"वहिनीनं बोलावलंय तुम्हाला? मला आधीच सांगून ठेवतो, मी तिच्या विरुद्ध नाही. पण ही मुरवणी मला पटत नाही, हेही खरं. इतकं थांबायचं कशाला? बाहेरून तयार लाद्या आणू, आपल्या साच्यात घालू, सफरीतले लोक आनंदानं खातील."

"म्हणजे लाद्या नासल्या, तर तुमचं काम सोपं झालं."

"झालं असतं. आज नव्हे! आज नासल्या म्हणजे सफरच गेली, आणि मला सफर हवीय, माझ्या आईपेक्षा जास्त हवीय. बस कुठं उभी करायची, ते सुद्धा ठरवून ठेवलंय मी."

सुईनं न विचारता कपाट उघडलं. वरच्या खणात डांबरगोळ्यांचा पुडा होता.

भाऊजींनी टाळी वाजवली. "सापडला!"

"कोटासाठी आणलाय!" धाकटा ओरडला. "आईच्या पेटीत असतात तशा. कोटाला कसर लागली होती. अजून फोडलासुद्धा नाही, बघा तरी!"

पुड्याचं तोंड दुकानात चिकटवलं होतं तसंच होतं. सुईनं तो परत ठेवला. "आणि किल्ली?"

"मला किल्ली? आई मला तिजोरी देईल, ती किल्ली नाही देणार. मला वडीला हात लावायची परवानगी नाही या घरात. म्हणते, तुझ्या बोटांना घाई आहे."

भाऊजी बाहेर आल्यावर कुजबुजले. "हाच आहे. घाईचा माणूस कधी सरळ नसतो."

"जेवायला बसताना बघितलंय मी तुम्हाला, भाऊजी."

*

घरची लेक, म्हणजे थोरलीची नणंद, भट्टीपाशी बिया भाजत होती. तिचे हात पाण्यानं पांढरे पडलेले होते आणि डोळे लाल. सुईनं तिच्याकडं बघितलं, मग चौकातल्या शालीकडं बघितलं.

"आज पाहुणे यायचे आणि तुम्ही सकाळीच धुणं काढलंत?"

"हात रिकामे असले की डोकं फिरतं माझं," लेक म्हणाली. बिया हलवत राहिली. "धुतलं काहीतरी. त्यात काय?"

"वहिनीनंच केलं, असं वाटतं तुम्हाला?"

लेक थांबली. "मला काही वाटत नाही. किल्ल्या दोन आहेत. आईनं आईचं ठरवलंय."

"मी काय वाटतं ते विचारलं, काय ठरवलं ते नाही."

"वहिनी तोंडानं वाईट असेल, हातानं नाही." एवढं बोलून तिनं ओठ घट्ट मिटले. शब्द बाहेर पडला तर परत आत घेता येणार नाही, असे.

तेवढ्यात आतून हाक आली. "कुठं गेली गं? इकडं ये, जवळ बस. ती कोण बाई आलीय, तिला पण घेऊन ये!"

लेक झटकन निघाली. भट्टीकडं तिनं वळूनही बघितलं नाही.

मोठ्या बाई, म्हणजे थोरलीच्या सासूबाई, चाखणीच्या मेजाशी बसल्या होत्या. पाठ ताठ, केस चापून बांधलेले. त्यांनी लेकीला अगदी शेजारी बसवलं आणि तिचा हात आपल्या हातात घेतला.

"काय माया!" भाऊजी पुटपुटले. "आमची सासू मुलीला असं कधी जवळ घ्यायची नाही."

"आई पण नाही घ्यायची," दाराशी उभा राहिलेला धाकटा हळूच म्हणाला. "आजारपणानंतरच सुचलंय. चाखायला बसली की ताईचा हात धरूनच बसते."

"तू गं पोरी, चोर पकडतेस म्हणे," मोठ्या बाईंनी सुईला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अंगावर मूठभर मांस नाही, पकडलास तर तो तुलाच घेऊन पळेल. चोर शोधायची गरज नाही. सापडलाय. दाराशी उभा आहे पदर तोंडात धरून."

थोरलीनं मान वर केली. "पदर तोंडात धरायची वेळ माझ्यावर नाही आली अजून, आई."

"बघा! तोंड बघा!"

"सकाळी वास पहिल्यांदा कुणाला आला, मोठ्या बाई?" सुईनं मध्येच विचारलं.

"कुणाला म्हणजे? मलाच. या घरात माझ्याआधी कुणाला वास येतो का? दार उघडलं आणि ओळखलं."

"त्याआधी खोलीत कधी गेला होतात?"

"रोज जाते. दुपारची तिथंच बसते. लाद्यांची कूस बदलते, कापडं नीट करते. या वेड्या उकाड्यात तेवढीच एक गार जागा. तापातून उठल्यापासून थंडी जरा बाधते, पण लेकरं मुरायला टाकून घरात कोण बसेल? हं, घ्या पाहुणे, तुम्ही चाखा. ही जुनी वडी आहे, चांगली. काळजाला बरी म्हणतात ती. आमच्या यांना डॉक्टर हेच सांगायचे, आणि ते आयुष्यभर तेवढंच ऐकायचे डॉक्टरांचं."

भाऊजींनी वडी तोंडात टाकली आणि डोळे मिटले. मग एकदम उघडले. नाक फुगवलं. "काहीतरी जळतंय!"

सुईनंही मान वर केली. थोरली दारातून वळली. धाकटा "भट्टी!" म्हणाला. लेक आईच्या हातातून हात सोडवून धावत सुटली.

"अगं, कुठं निघाली? मी बोलतेय ना!" मोठ्या बाई चिडल्या. "काय ही रीत! पाहुणे बसलेत आणि सगळे उठून उभे! बसा सगळे. तर मी काय म्हणत होते, लाद्यांची कूस…"

त्या बोलतच राहिल्या. दारातून निळसर धूर आत आला तेव्हा त्या थांबल्या. "अगं बाई, जळलं वाटतं काहीतरी!"

सुई हसली नाही. तिनं फक्त हात पुसले.

"मोठ्या बाई, मला उलगडा झालाय. एकटीला सांगू, की सगळ्यांसमोर?"

"एकटीला कशाला? मी काय लपूनछपून जगते? सगळ्यांसमोर सांग. सूनबाईलाही ऐकू दे आपलं नाव."

"पुन्हा एकदा विचारते."

"सांग म्हटलं ना!"

*

लेक धुरानं खोकत परत आली. सगळे मेजाभोवती उभे राहिले. भाऊजींनी गडबडीत आणखी एक वडी खिशात टाकली.

"या घरातली चूक एकच," सुई बोलायला लागली. "तुम्ही सगळे वासाची माणसं. वासाची वस्तू चुकून आत नेणं तुम्हाला शक्यच वाटत नाही. म्हणून वास आला, तर तो कुणीतरी मुद्दाम आणला, असं सगळे धरून चालले. मी तसं धरलं नाही.

"धाकट्या भाऊंकडं पुडा आहे. पण तो फोडलेला नाही, आणि किल्लीही नाही. ते सुटले. थोरल्या सूनबाईंकडं किल्ली आहे आणि भांडणही आहे. पण लादी मी मोडली आणि भाऊजींनी हुंगली. वास गाभ्यापर्यंत उतरलेला होता. एवढ्या जाड लादीत गाभ्यापर्यंत वास एका रात्रीत जात नाही. सूनबाई, बरोबर?"

"नाही जात," थोरली म्हणाली. "पुष्कळ दिवस लागतात." आणि तिचा चेहरा बदलला. तिला पुढचं दिसायला लागलं होतं.

"भांडण परवाचं, वास त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणजे रागाचा त्याच्याशी संबंध नाही. आता प्रश्न असा, की पुष्कळ दिवस ती खोली डांबरगोळीच्या वासानं भरलेली होती आणि एक माणूस रोज दुपारी तिथं बसत होतं. त्याला तो वास का आला नाही?"

थोरलीनं सासूकडं बघितलं.

"काय म्हणायचंय तुला?" मोठ्या बाईंचा आवाज बारीक झाला.

"डांबरगोळी कशात घालतात, मोठ्या बाई? लोकरीत. खोलीतल्या खुर्चीत मला मातकट लोकरीचा धागा मिळाला. तशीच शाल चौकात वाळतेय. तापानंतर थंडी बाधायला लागली, म्हणून तुम्ही पेटीतली शाल काढून त्या खोलीतल्या खुर्चीवर ठेवलीत. तिथं गेलात की पांघरायची, निघताना तिथंच सोडायची. म्हणून घरात कुणालाच तिचा वास आला नाही. वर्षानुवर्षं गोळ्यांत राहिलेली शाल! बिचाऱ्या लाद्या तिच्याशेजारी दिवसचे दिवस बसल्या."

"खोटं! मला कळलं नसतं?"

"आज सकाळी तुम्ही त्या वासात उभ्या राहून कापडं काढत होतात. ओरडली ती तुमची लेक. आता इथं बिया जळल्या तेव्हा आम्ही सगळे वळलो, माझे भाऊजीसुद्धा वळले, ज्यांना तोंडात घास असताना आग लागलेली कळत नाही. तुम्हाला धूर दिसल्यावर कळलं. तापानंतर सूनबाईंच्या जेवणाला चव राहिली नाही. चॉकलेटात संत्र्याची साल सापडेनाशी झाली. कटकन मोडतं हे कानाला कळतं, गुळगुळीत जिभेला, गोड पण जिभेला. बाकीचं सगळं नाकाचं असतं."

"आणि हात…" धाकटा हळूच म्हणाला.

"हो. भाऊजी, तुम्ही त्याला माया म्हणालात. माया आहेच, पण लेकीची. चांगलं असेल तर ती बोट दाबते, वाईट असेल तर दाबत नाही."

मोठ्या बाई उठल्या. "मी सिद्ध करून दाखवते. आणा वड्या!"

सुईनं दोन सारखे तुकडे बशीत ठेवले. एक चांगल्या वडीचा, एक मुरवणीच्या खोलीतला. "खाऊ नका, नुसतं हुंगा. नासका कुठला?"

मोठ्या बाईंचा हात सवयीनं बाजूला गेला.

"हात न धरता," सुई म्हणाली.

त्यांनी एक तुकडा नाकाशी धरला. मग दुसरा. मग एक मोडला, कट. दुसरा मोडला, कट. दोन्ही सारखेच मोडले. खोलीतल्या प्रत्येकाला नासका कुठला ते उभ्या जागी कळत होतं.

त्यांनी तुकडे बशीत ठेवले आणि बसल्या.

"त्या तापानं नेलं," त्या म्हणाल्या. "सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं. मला वाटलं येईल परत. रोज दुपारी तिथं बसून त्या लाद्या हुंगायचे मी. आज येईल, उद्या येईल."

लेक रडायला लागली. "शाल मी गडबडीत उचलली आणि धुऊन टाकली. दारात पाऊल टाकलं आणि मला कळलंच, वास खुर्चीवरून येतोय. ओरडून बसले होते, तो शब्द परत घेता येईना. आईला कळलं असतं तर ती मेली असती. मला वाटलं, राग उतरला की वहिनीला ती परत किल्ली देईल. वहिनी, तुझ्या पाया पडते."

"पडू नकोस, उगीच वाकशील नि परत उठवायला लागेल," थोरली म्हणाली. तिचेही गाल ओले होते. "मला एकदा सांगायचं होतंस गं. मी काय आईचं नाक वेशीला टांगणार होते?"

मोठ्या बाईंनी सुनेकडं बघितलं.

"माझं चुकलं, असं म्हणायची मला सवय नाही," त्या म्हणाल्या. "या वयात लागायची पण नाही. तू ऐकलंस असं समज."

"ऐकलं."

"किल्ली तुझ्याकडंच ठेव. आणि ही माझी पण घे. आत शाल नेणारी बाई दिसली तर हाकलून दे."

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. धाकट्यानं खिडकीतून बघितलं आणि डोक्याला हात लावला. "आल्या! सफरवाल्या बाई आल्या! आता द्यायचं काय त्यांना?"

थोरली तोवर दगडापाशी पोचली होती. तिनं बाह्या वर केल्या, चाकांखालून निघणारं गरम चॉकलेट मोठ्या पळीनं उचललं आणि धार धरून बघितली. धार तुटली नाही. "वाट्या आणा!" ती ओरडली. "धाकटे भाऊजी, वाट्या! कोमट करून घ्या आधी!"

सगळं घर पळायला लागलं. भाऊजीही पळाले, कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं.

सफरवाली बाई उंच, घाईची, आणि खूप चॉकलेट चाखून कंटाळलेली होती. वाटी समोर आली तशी तिनं विचारलं, "हे ताजं दिसतंय. तुमच्याकडं मुरलेलं असतं ना? आणि त्या चव सांगणाऱ्या बाई कुठं आहेत? त्यांच्यासाठी आलेय मी."

मोठ्या बाई पुढं आल्या. पाठ तशीच ताठ.

"मुरलेलं नासलं. मी नासवलं. माझं नाक गेलंय," त्या म्हणाल्या, दुधाचा भाव सांगावा तशा आवाजात. "या घरचं नाक आता ही माझी सून. ती सांगेल, आणि तुमच्याबरोबर मी पण ऐकेन. चालत असेल तर बसा, नाहीतर दार उघडंच आहे."

सफरवाली बसली.

मोठ्या बाईंनी वाटीतला घोट तोंडात घेतला आणि डोळे मिटले. थोरलीनंही घेतला.

"सांग," सासूबाई म्हणाल्या.

"आधी कडू," थोरलीनं सुरुवात केली. आवाज कापत होता. "मग भाजलेलं. मग एक आंबूस चुणूक येते आणि लगेच जाते."

"कशाची? नुसतं आंबूस म्हणू नकोस, मी इथं अंधारात बसलेय."

"मनुकांची. बी काढलेल्या नाही, बीसकट चावलेल्या."

"हं. पुढं?"

"पुढं लाकूड आहे. ओलं नाही. उन्हात तापलेल्या दाराला नाक लावलं तर येतं तसं." थोरलीचा आवाज आता भरला. ती सासूकडं बघत नव्हती, सफरवालीकडंही नाही. "आणि सगळं गिळून झालं, आता संपलं वाटलं, की घशाच्या मागून मध येतो."

सफरवालीनं वाटी पुन्हा तोंडाला लावली. तिनंही डोळे मिटले होते.

"कसला मध?" मोठ्या बाईंनी दरडावून विचारलं. "मध काय एक असतो?"

थोरली विचारात पडली. पुन्हा घोट घेतला, जिभेवर फिरवला. "काळा. जुन्या पोळ्याचा. जरासा धुरकट, धूर करून माश्या उठवल्यासारखा."

मोठ्या बाईंनी तोंडातला घोट सावकाश गिळला आणि डोळे मिटूनच बसून राहिल्या.

"हां," त्या म्हणाल्या. "आता लागला."